मधला कप्पा

१

रोज सकाळी कॉलेजला निघण्यापूर्वी माझं एक काम ठरलेलं असे. कूडमात, म्हणजे आमच्या घराच्या मधल्या दालनात, माशांची चार फुटी काचेची टाकी होती. तिच्या खालचं लाकडी कपाट उघडायचं, आत ठेवलेल्या दुसऱ्या टाकीच्या काचेवर चिकटवलेली पट्टी वाचायची, आणि रात्रभरात जेवढं पाणी उडून गेलं असेल तेवढं गोडं पाणी तांब्याने घालायचं. पातळी बरोबर वीस सेंटिमीटरवर आली की कपाट लावायचं, अप्पांना ‘येतों’ म्हणायचं आणि सायकल काढायची.

ही गोष्ट १९९३ सालच्या उन्हाळ्यातली. आम्ही पिढ्यानपिढ्या तंजावरकडे राहिलेले मराठी. तेव्हा मी कुंभकोणमच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत होतो. माझी बायको सीतालक्ष्मी तिरुभुवनमला रेशमी साड्यांच्या सोसायटीत काठापदरांचे आराखडे चौकटीच्या कागदावर उतरवायची. सकाळी साडेआठच्या बसने जायची ती पाचला परत. घरात तिसरे अप्पा, म्हणजे माझे वडील, बालकृष्ण राव. सगळी नोकरी तारखात्यात गेली. कट्ट-कड ऐकून मजकूर लिहिणारा माणूस. निवृत्तीनंतर काचबिंदूने दोन्ही डोळे गेले आणि मग कान नि बोटं एवढंच उरलं. पूर्वी मरुदानल्लूरला भजनाला जायचे, तेही सुटलं. दिवसभर कूडमातल्या वेताच्या खुर्चीत बसून असत.

समुद्राच्या पाण्यातले मासे पाळायचं वेड मला कृष्णमूर्तीने लावलं. तो आमच्याच कॉलेजात प्राणिशास्त्राचा. त्याने तरंगंबाडीहून कॅन भरभरून पाणी आणून दिलं, केशरी पट्ट्यांचे दोन मासे दिले, चार निळे दिले. पण आमच्या उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याची टाकी टिकत नाही. पाणी गढूळ होतं, तवंग धरतं, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. कृष्णमूर्तीकडे एका परदेशी मासिकाच्या झेरॉक्स होत्या. त्यात उपाय दिला होता: टाकीखाली दुसरी टाकी. वरच्या टाकीच्या मागच्या काचेला भोक पाडायचं, तिथून पाणी नळीने खाली पडतं, खाली तीन कप्प्यांतून गाळून निघतं, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर ढकलतो. खालच्या टाकीला आम्ही सगळे ‘सम्प’ म्हणायचो.

सम्प मी स्वतः केला. काच कापून दिली महालिंगने. त्याचं देवांच्या तसबिरी मढवायचं दुकान होतं. वरच्या काचेला भोकही त्यानेच पाडलं, तांब्याची नळी आणि कुरुंदाची पूड घेऊन, दोन तास उकिडवं बसून. बाकी जोडकाम माझं. नव्वद सेंटिमीटर लांब, तीस रुंद, छत्तीस उंच. पहिल्या कप्प्यात कापूस आणि शिंपल्यांचा चुरा. तिसऱ्यात पंप. मधला कप्पा सगळ्यांत मोठा, तो पुढे दगड आणायचे म्हणून मोकळा ठेवला होता. मधल्या कप्प्याची पातळी आडव्या काचेमुळे कायम अठ्ठावीसवर असायची. त्यात काहीही टाकलं तर जादा पाणी तिसऱ्या कप्प्यात सांडून तिथली पातळी चढायची. म्हणून पट्टी तिसऱ्याला.

पाणी सुरू झालं तेव्हा अप्पा खुर्ची सरकवून कपाटाजवळ आले. बराच वेळ ऐकत राहिले.

“छान बोलतं रे, व्यासू,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते तिथेच बसू लागले. मला फार बरं वाटलं. टाकी माझ्यासाठी केली होती, पण ती ऐकायचे तेच.

२

जून महिन्यातला एक मंगळवार. कॉलेज सुट्टीनंतर उघडलं होतं, ऊन मात्र उतरलं नव्हतं. मी जेवायला साडेबाराला घरी आलो. अप्पा खुर्चीत. त्यांना हाक मारण्याआधी सहज कपाट उघडलं आणि पट्टी वाचली.

बावीस पूर्णांक तीन.

सकाळी मी वीस करून गेलो होतो. उन्हाच्या दिवसांत दुपारपर्यंत ती साडेएकोणीसच्या खाली असायला हवी. पाणी कमी होतं, वाढत नाही. मी वाकून पुन्हा वाचत होतो, तेवढ्यात पातळी खाली येऊ लागली. डोळ्यांदेखत, सावकाश, आठ-दहा सेकंदांत, एकोणीस पूर्णांक सहापर्यंत. मधल्या कप्प्यात पाणी हलत होतं. आत काही नव्हतं.

त्याच वेळी एक आवाज आला. ओल्या हातावरून पाणी निथळून पाण्यात पडतं, तसा. चार-पाच थेंब. मग थांबला.

“हात पुसून घे,” अप्पा म्हणाले. “खारें आहे. खाजेल.”

“मी हात नाही घातला, अप्पा. आत्ता आलों.”

“आत्ता?” त्यांनी तोंड माझ्या दिशेने वळवलं. “मग मघांपासून कोण हात बुडवून बसलंय?”

मी हसलो. पंपाच्या नळीत हवा अडकली असेल, सुटली असेल, असं त्यांना समजावलं. जेवताना स्वतःलाही तेच समजावलं.

३

पण हवेने दोन सेंटिमीटर चढत नाही. मी हिशोबाला बसलो. तिसऱ्या कप्प्याचं क्षेत्रफळ सहाशे चौरस सेंटिमीटर. एकोणीस पूर्णांक सहावरून बावीस पूर्णांक तीन, म्हणजे सोळाशे घनसेंटिमीटरच्या आसपास पाणी कुठून तरी येऊन परत गेलं. वरच्या टाकीतून आलं म्हणावं, तर वरची पातळी भोकाच्या काठावर बांधलेली, ती हलतच नाही. मी कापूस बदलला, नळी उघडून साफ केली, काचेचे सांधे तपासले. सगळं ठीक होतं.

गुरुवारी पुन्हा तेच झालं. शनिवारी पुन्हा. मी उघडून बघत बसलो की काही होत नसे. कपाट लावून पाच पावलं गेलो, परत आलो, की पातळी चढलेली, आणि लगेच उतरायला लागलेली. एखादं माणूस चोरून खात असावं आणि आपण आलो की तोंड पुसत असावं, तसं.

रविवारी सीताला म्हटलं, “जरा हात घाल बघू मधल्या कप्प्यात. कोपरापर्यंत.”

“कशाला?”

“मोजायचं आहे.”

तिने बांगड्या वर सारून हात आडवा बुडवला. एक पूर्णांक नऊ सेंटिमीटर चढलं. मग अप्पांचा हात. म्हातारा, वाळलेला, पण त्यांना गंमत वाटली. एक पूर्णांक सात. मग मी शर्टाची बाही दुमडली.

दोन पूर्णांक सात.

मी हात काढला, पुन्हा घातला. दोन पूर्णांक सात. मंगळवारचा आकडा वहीत होता. बावीस पूर्णांक तीन वजा एकोणीस पूर्णांक सहा. मी ती वजाबाकी तीनदा केली.

“काय झालं?” सीताने विचारलं.

“काही नाही. बरोबर येतंय.”

“काय बरोबर येतंय?”

मी पट्टीकडे बोट केलं. म्हणालो, “कोणीतरी हात घालतंय. माझ्याएवढ्या हाताचं.”

तिने पदराने हात पुसला, बांगड्या खाली ओढल्या, आणि म्हणाली, “मग तुम्हींच घालत असाल. विसरत असाल.”

४

हे मला खरंच पटलं. विसरभोळेपणा आमच्या घराण्यात आहे. कामाच्या तंद्रीत माणूस काहीही करतो. मी जेवायला येतो, कपाट उघडतो, हात घालतो, काढतो, आणि मग पट्टी वाचतो. हात घातल्याचं मात्र लक्षात राहत नाही. असं होऊ शकतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टरला विचारता येईल.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम टाकीजवळ गेलोच नाही. गोडं पाणीही सीताने घातलं. मी तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर बसून काप्पी प्यालो आणि तिथूनच सायकल काढली.

अकराच्या सुमारास प्रयोगशाळेत कृष्णमूर्ती आला. पापनाशमहून गाडीने यायचा, त्या दिवशी गाडीला उशीर झाला होता. बोलता बोलता थांबला आणि माझ्या उजव्या हाताकडे बोट करून म्हणाला, “हे काय लावलंयस?”

मी पाहिलं. बोटांपासून कोपरापर्यंत पांढरट थर होता. घाम वाळतो तसा नाही. जाड, खरखरीत, केसांवर दाणे धरलेला. कोपराच्या जरा वर एका सरळ रेषेत संपला होता. मी जीभ लावली.

मीठ.

“टाकीचं काम करून आलास वाटतं,” कृष्णमूर्ती म्हणाला.

सकाळी मी आंघोळ केली होती. नऊ वाजल्यापासून प्रयोगशाळेत होतो, समोर सोळा विद्यार्थी होते. शर्टाची बाही कोरडी होती. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बेसिनवर जाऊन हात धुतला. पाणी हातावर पडताना मला कोणीतरी मनगट सोडल्यासारखं वाटलं, पण तेव्हा मी इतका गोंधळलेलो होतो की त्या वाटण्याला काही अर्थ नाही.

परत येऊन कृष्णमूर्तीला विचारलं, “तुमच्या खात्यात ते फिरतं नळकांडं आहे ना? बेडकाच्या स्नायूंचे आलेख काढता ते?”

५

काजळी धरलेला कागद गुंडाळलेलं ते पितळी नळकांडं चावीवर अगदी सावकाश फिरतं. त्याला एक हलकी काडी टेकवायची. काडी वरखाली झाली की काळ्या कागदावर पांढरी रेघ उमटते. मी काडीचं दुसरं टोक तिसऱ्या कप्प्यात तरंगणाऱ्या बुचाला बांधलं. सगळ्यांत मंद गतीला तीन तासांत एक फेरी. बुधवारी सकाळी नऊला सुरू करून कपाट लावलं आणि कॉलेजला गेलो. अकरा ते बारा मी वर्गात होतो. खात्री असावी म्हणून हजेरीपटावर वेळ घालून सही केली.

साडेबाराला येऊन कागद सोडवला. खिडकीशी नेऊन पाहिला.

रेघ सव्वाअकरापर्यंत सरळ होती, किंचित खाली उतरत गेलेली. मग एक पायरी वर. उंची मोजली: पाण्यातले दोन पूर्णांक सात सेंटिमीटर. ती पायरी सपाट नव्हती. तिच्यावर बारीक थरथर होती, बोटं हलवावीत तशी. साधारण चार मिनिटं असं. मग दुसरी पायरी, पहिलीच्या वर.

एक पूर्णांक सात.

दोन्ही मिळून अर्धा तास रेघ वर होती. मग आधी लहान पायरी उतरली. मोठी नंतर, बराच वेळ रेंगाळून.

मी कागद हातात धरून कूडमात आलो. अप्पा बसले होते. त्यांच्या धोतराच्या काठावर, उजव्या बाजूला, ओलं होतं.

“अप्पा, तुम्ही सम्पमध्ये हात घालतां?”

ते ओशाळले. लहान मूल पकडल्यावर ओशाळतं तसे. “तूं बोलावतोस म्हणून,” ते म्हणाले.

“मी?”

“तूं पाण्यांत बोटं वाजवतोस. टक, टक-टक. मज ऐकू येतं. मग मी हात घालतों. तूं धरतोस.”

“काय धरतों?”

“हात. माझा हात.” आणि मग, मी काही विचारायच्या आत, जरा रागाने, “असें काय विचारतोस? मज तुजा हात कळत नाही की काय? पाटीवर अक्षर गिरवायला मीच धरत होतों तो.”

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. विचारलं, “मी काही बोलतों?”

“तेथें कसा बोलशील?” अप्पा म्हणाले. “पाणी आहे की.”

६

सीताला सगळं सांगितलं. कागद दाखवला. तिने चौकटींच्या कागदावर आयुष्य काढलेलं, आलेख तिला माझ्याआधी कळला. तिने कागद दुमडून परत दिला आणि म्हणाली, “काढून टाका तें. उद्यांच.”

“आठ दिवस थांब.”

“कशाला थांबायचं? अप्पा जेवत नाहीत. भात कालवून दिला तर दोन घास घेतात, आणि कान सगळा तिकडे. माझ्याशी बोलत नाहीत. तुमच्याशी बोलतात की?”

बोलत नव्हते. संध्याकाळी मी शेजारी बसायचो, वर्तमानपत्र वाचून दाखवायचो, तेव्हा ते हुं म्हणायचे; पण बोटं खुर्चीच्या हातावर टकटकत असायची आणि ती माझ्यासाठी नव्हती. मला हे दिसत होतं. तरी मी आठ दिवस मागितले. मला आकडे हवे होते. सगळी चूक कुठे झाली असं कोणी विचारलं तर मी तिथे बोट ठेवेन.

मोठी पायरी रोज वाढत गेली. गुरुवारी साडेतीन. शुक्रवारी साडेचार. माझा दंडापर्यंतचा हात साडेतीन, खांद्यापर्यंतचा साडेचार; मी मोजून पाहिला. खांदा घालायला मला जमिनीवर आडवं पडावं लागलं. गाल पाण्याला लागला. मधल्या कप्प्याचा तळ तिथून अगदी जवळ दिसतो. साधी काच, तिच्याखाली कपाटाची फळी. मी बोटांनी चाचपली. फळीवर ठेवलेल्या काचेला जशी थंडी असावी तशीच होती.

सोमवारी सकाळी मी कॉलेजला गेलो खरा, पण दहालाच परत निघालो. का, ते सांगता येणार नाही. सायकल गल्लीच्या तोंडाशी लावून चालत आलो. दार ढकलून आत पाय ठेवला तर अरुंद बोळ, आणि बोळाच्या टोकाला कूडमाचा एक तुकडा दिसतो. त्या तुकड्यात अप्पांची पाठ होती. ते खुर्चीत नव्हते, जमिनीवर मांडी घालून बसले होते. कपाटाची दोन्ही दारं उघडी. फरशीवर पाणी पसरलं होतं, ते बोळापर्यंत आलं होतं.

अप्पांच्या मांडीवर एक कोपर टेकलेलं होतं.

ओलं, सावळं. त्याच्यापुढचा हात अप्पांच्या अंगाआड होता आणि त्याच्या मागचं जे काही असेल ते कपाटाच्या दाराआड. मला फक्त कोपर दिसलं, आणि त्याच्यावरून एक थेंब घरंगळला तो दिसला. आपलं कोपर आपण मागच्या बाजूने कधी पाहत नाही. मला ओळखता आलं नाही.

अप्पा हळू आवाजात म्हणत होते, “सावकाश. सावकाश ये. घाई नाही.”

माझ्या हातून दार सुटलं आणि आपटलं.

मोठ्या बालदीत कळशी पडावी तसा आवाज झाला. मी धावलो. अप्पा तसेच बसले होते, दोन्ही हात पुढे, छातीपर्यंत भिजलेले. सम्पमध्ये लाटा उठत होत्या. वरच्या काठापर्यंत आतली काच ओली होती.

“कोण होतं?” मी ओरडलो. “अप्पा, कोण होतं?”

“कमरेपर्यंत आला होता,” अप्पा म्हणाले. “दार कोणी आपटलं?”

पाणी शांत झाल्यावर मी पट्टी वाचली. तीन लिटर फरशीवर सांडलं होतं. तेवढं सांडण्याआधी सम्प काठोकाठ भरायला किती लागतं, तो हिशोब मी नको नको म्हणत केला. तो मी सव्वीस लिटर धरला. एकूण एकोणतीस.

माझं वजन तेव्हा अठ्ठावन्न किलो होतं. माणसाचं अंग पाण्याएवढंच जड असतं.

७

त्याच दुपारी मी पंप बंद केला. कृष्णमूर्तीला बोलावून मासे दिले. टाकीला गळती लागली असं सांगितलं. पाणी नळीने परसातल्या मोरीत सोडलं. सीता सोसायटीतून आली तेव्हा मी रिकामा सम्प दोन्ही हातांनी धरून कपाटाबाहेर ओढत होतो. तिने पदर खोचला आणि दुसरी बाजू धरली.

महालिंगला निरोप धाडला होता: काच घेऊन जा, तसबिरींना कामाला येईल. तो सायकल घेऊन आला. काच घेण्याआधी तो नेहमी बोटाच्या पेराने वाजवून बघायचा. त्याने बाजूच्या काचा वाजवल्या. मग सम्प आडवा करून तळाची काच वाजवली. थांबला. पुन्हा वाजवली, आणि यावेळी कान जवळ नेला. मलाही ऐकू आलं. त्याने दोनदा वाजवलं होतं. आवाज तीनदा आला.

तो उठला, हात लुंगीला पुसले. “सार,” तो तमिळीत म्हणाला, “ही मला नको. तुम्हीच फोडा.” आणि सायकलची घंटासुद्धा न वाजवता निघून गेला.

मी परसात गोणपाट अंथरलं, सम्प त्यावर ठेवला आणि हातोडा घेतला. पहिला घाव बाजूच्या काचेवर. दुसरा तळावर.

घरातून अप्पांची किंकाळी आली. “व्यासू!”

मी हातोडा टाकून आत धावलो. ते कूडमाच्या मधोमध उभे होते, भिंतीचा आधार सोडून, दोन वर्षांत पहिल्यांदा. मी त्यांना दोन्ही हातांनी धरलं. “येथेंच आहे मी, अप्पा. काच फोडली. मी बरा आहे.”

त्यांनी माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. तळवा चाचपला, एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत, मनगट, मग कोपरापर्यंत. तारखात्यात मजकूर परत मोजून पाहत तसं, काळजीपूर्वक. मग हात सोडला. सोडलाही हळुवार, परक्याचा हात सोडतात तसा.

“तुम्हीं बसा,” अप्पा मला म्हणाले. “व्यासू येईल आतां.”

मला वाटलं, धक्क्याने झालं. दोन दिवसांत उतरेल. डॉक्टरही म्हणाले, या वयात असं होतं, माणसं ओळखत नाहीत. पण ते सीताला ओळखत. कृष्णमूर्तीला आवाजावरून ओळखत. पेपरवाल्याला नाव घेऊन हाक मारत. फक्त मला ‘तुम्हीं’. माझ्याशी ते फार सभ्यतेने वागत. मी काप्पी दिली तर ‘कशाला त्रास’ म्हणत. वर्तमानपत्र वाचलं की ‘छान वाचतां’ म्हणत. आणि संध्याकाळी पाचला, सीता दारात आली की विचारत, “व्यासू आला की?”

सुरुवातीला ती म्हणायची, “हे काय, समोरच बसलेत.” अप्पा दाराकडे कान लावून बसत. मग काही महिन्यांनी ती नुसतं म्हणू लागली, “येतील, अप्पा.” मी समोर बसलेलो असताना.

साडेतीन वर्षं असं चाललं. १९९६ च्या मार्गशीर्षात अप्पांनी अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, आता जवळ बसा. मी देवघरातलं गंगेचं तांब्याचं बंद भांडं फोडलं, पळी भरली आणि त्यांच्या ओठांशी नेली.

त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून हात वर केला. माझं मनगट लागलं. त्यांनी ते हळूच बाजूला सारलं.

“तुम्हीं नको,” ते म्हणाले. “मुलगा आहे माझा.”

सीता रडत होती. ती खाटेशी वाकली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “अप्पा, हेच की व्यासू. मी सांगते ना. मी ओळखते. हेच.”

अप्पांनी मान तिच्याकडे वळवली. चेहऱ्यावर राग नव्हता. तिची कीव आल्यासारखं काहीतरी होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“तुजहि फसवलं की, पोरी,” ते म्हणाले.

पळी माझ्या हातात तशीच होती. ती त्यांना सीतानेच पाजली. पळी माझ्याकडून घेताना तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझ्या हाताकडे पाहिलं, बोटांना बोट लागणार नाही अशी दांड्याच्या टोकाला धरून ती घेतली, आणि अप्पांच्या उशाशी, माझ्यापासून जरा लांब सरकून बसली.